न ऐकता दिलेला होकार

उपासना संपली की पाळकसाहेब चर्चच्या दारात उभे राहून एकेकाचा हात हातात घेत. उभं राहायची त्यांची जागा ठरलेली होती: उजवा खांदा खांबाला टेकवून. लोकांना वाटायचं, वय झालं, टेकायला लागतं. खरं कारण फक्त पाळकबाईंना माहीत होतं. साहेबांचा उजवा कान तीन वर्षांपूर्वी पार गेला होता आणि डावा अर्धामुर्धा उरला होता. खांबाला टेकलं की बोलणारा माणूस आपोआप डाव्या बाजूला यायचा.

एवढ्यावर ते निभावून नेत. दारात लोक काय बोलतात हे तीस-बत्तीस वर्षांत पाठ झालं होतं. छान झाला उपदेश. आईला बरं आहे. धाकटीची परीक्षा आहे, प्रार्थनेत आठवण ठेवा. ओठ हलायचे थांबले की साहेब हसून मान डोलवत, "उत्तम, उत्तम, देव तुमच्याबरोबर असो," म्हणत आणि पुढच्याचा हात धरत. रडव्या चेहऱ्यासाठी वेगळं वाक्य होतं. कुठे चुकलंच, तर शेजारी उभ्या पाळकबाई सावरून घेत.

त्या रविवारी पाळकबाई शेजारी नव्हत्या. आत चहाच्या टेबलाशी अडकल्या होत्या. सगळे निघून गेल्यावर शेवटी लिफ्ट-मेकॅनिक आला. चाळिशी ओलांडलेला, रुंद हातांचा, अबोल माणूस. अकरा वर्षं शेवटच्या बाकावर बसत होता आणि शेवटचं गीत संपायच्या आत निघून जात होता. आज तो थांबला होता.

तो बोलायला लागला. मान खाली, नजर स्वतःच्या बुटांवर, त्यामुळे ओठही दिसेनात. समोरच्या रस्त्यावरून गाड्या जात होत्या. साहेबांना नुसती गुणगुण ऐकू येत होती, भिंतीपलीकडे कुणीतरी बोलावं तशी. एक मिनिट झालं, दोन झाली. 'जरा मोठ्याने बोला' हे शब्द साहेबांच्या जिभेवर आले आणि तिथेच राहिले. कारण अर्ध्या तासापूर्वीच त्यांनी ऐकण्यावर उपदेश केला होता. विश्वासाला दार एकच आहे आणि ते कानाच्या बाजूला आहे, असं ते म्हणाले होते. लोकांनी माना डोलावल्या होत्या. त्याच दारात आता 'मला ऐकू येत नाही' कसं म्हणायचं?

मेकॅनिकने मान वर केली. डोळे लाल होते. काहीतरी विचारून तो थांबला होता.

"उत्तम," साहेब म्हणाले. "तसंच करा. देव तुमच्याबरोबर असो."

मेकॅनिक त्यांच्याकडे बघतच राहिला. मग त्याने त्यांचा हात दोन्ही हातांत घट्ट दाबला, मागे न बघता पायऱ्या उतरला आणि चालू लागला.

आत शेवटच्या बाकांवरची गीतांची पुस्तकं गोळा करत ऑर्गनबाई उभ्या होत्या. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी ऑर्गन वाजवायच्या, म्हणून त्यांना हे नाव पडलं होतं. त्या पुस्तकं छातीशी धरून जवळ आल्या आणि काहीतरी म्हणाल्या.

"काय?" साहेब म्हणाले. घाबरल्यामुळे ते खरं बोलून गेले.

ऑर्गनबाईंनी शाळेतला आवाज काढला. "म्हटलं, मेकॅनिक बरा आहे ना? मी मुद्दाम नाही ऐकलं हो. पण कानावर पडलं. 'सोमवारी' म्हणाला. 'मग सगळं संपेल' म्हणाला. 'बायकोला काही सांगितलेलं नाही' असंही म्हणाला. मला कसंतरीच झालं. पण तुम्ही 'उत्तम, तसंच करा' म्हणालात, तेव्हा म्हटलं, काहीतरी चांगलंच असणार."

साहेबांनी त्यांना ते पुन्हा सांगायला लावलं. सोमवारी. मग सगळं संपेल. बायकोला सांगितलेलं नाही.

आतल्या खोलीत पाळकबाई कप विसळत होत्या. नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी नळ बंद केला. साहेबांनी दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं.

"आणि तुम्ही 'तसंच करा' म्हणालात?"

"हो."

"न ऐकता?"

साहेबांनी मान डोलावली.

"अहो, किती वेळा सांगितलं, डॉक्टरकडे चला, कानाचं यंत्र घ्या, लोकांना सांगून टाका. मी तुमचे कान किती दिवस होऊ? मला दोनच आहेत!" पाळकबाईंनी हात पुसले. रागावल्या की त्यांचा आवाज चढायचा, आणि साहेबांना त्यांचं रागावणं तेवढं स्पष्ट ऐकू यायचं. "तो माणूस उद्या जिवाचं काही बरंवाईट करणार असेल तर?"

हेच शब्द साहेबांच्या मनात होते, पण दुसऱ्याच्या तोंडून ते जास्त खरे वाटले. ते खुर्चीवर बसले, आणि बसल्या बसल्या पुन्हा उठले. "फोन लाव त्याला. मला फोनवर कळत नाही."

पाळकबाईंनी चर्चच्या मंडळीच्या यादीतून नंबर काढून तीनदा लावला. घंटा जात होती, कुणी उचलत नव्हतं.

मेकॅनिकचं घर दोन रस्ते पलीकडे, तळमजल्यावर होतं. त्याची बायको शिवणकाम करायची. दार उघडलं तेव्हा तिच्या ओठांत टाचण्या होत्या. पाळक आणि पाळकीण दोघंही दारात बघून तिने त्या घाईघाईने काढल्या.

"काही झालं का?"

"नाही, नाही. त्यांच्याशी जरा बोलायचं होतं," पाळकबाई म्हणाल्या.

"चर्चमधून आले, जेवले नाहीत, हत्यारांची पिशवी घेऊन गेले. हल्ली दर रविवारी जातात. कसलं काम म्हटलं तर सांगत नाहीत." तिने साहेबांकडे बघितलं. साहेब तिच्या ओठांकडे डोळे लावून उभे होते. "रात्ररात्र झोपत नाहीत. आज पहाटे कपाटातली सगळी कागदपत्रं उपसून बसले होते. विम्याचे कागदसुद्धा बाहेर होते. साहेब, तुम्हाला काही बोलले का ते?"

काय सांगणार? बोलला, पण मी ऐकलं नाही? "कुठे गेलेत?" साहेबांनी विचारलं.

"आज नदीकडची चौदा मजली बिल्डिंग म्हणाले. गच्चीवर लिफ्टची खोली आहे, तिथे असतील."

गच्ची हा शब्द साहेबांना नीट ऐकू आला. पाळकबाईंनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला, "मी थांबते हिच्याजवळ," म्हणाल्या, आणि नवऱ्याला डोळ्यांनी बजावलं: पळा.

साहेब पळाले. पासष्ट वर्षांचा माणूस जेवढा पळू शकतो तेवढे. वाटेत प्रार्थना करायला गेले, तर शब्दच सापडेनात. रोज मंडळीसाठी शेकडो वाक्यं बोलणाऱ्या माणसाला 'देवा, थांबव त्याला' एवढंच येत होतं, तेच तेच, पावलांच्या तालावर. आणि मध्येच मनात यायचं की मी देवापुढेही असाच उभा राहतो का? तो काहीतरी सांगतो, आणि मी उत्तम, उत्तम म्हणून पुढे सरकतो?

बिल्डिंगच्या दोन्ही लिफ्टच्या दारांवर 'दुरुस्ती चालू' अशा पाट्या लटकत होत्या. साहेब जिन्याने चढू लागले. तिसऱ्या मजल्यावर भाजीची पिशवी घेतलेला एक गृहस्थ कठड्याला धरून दम खात उभा होता. साहेबांच्या गळ्यातली पांढरी पट्टी बघून तो हसला. त्याचं बोलणं साहेबांना दुसऱ्या खेपेला कळलं. "म्हटलं, तुम्हाला वर जायची एवढी घाई? तुमची तर ओळख आहे तिथे!"

साहेबांना हसू आलं नाही. पाचव्या मजल्यावर छाती भरून आली. त्यांनी कठडा धरला, जिन्याच्या मधल्या पोकळीत तोंड वर केलं आणि हाक मारली. "मेकॅनिक! मी आहे! पाळक!"

काही ऐकू आलं नाही.

पुन्हा हाक मारली. पुन्हा काही नाही. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हे 'काही नाही' कसलं, हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. वर कुणी नसेल. वर कुणी असेल आणि उत्तर देत नसेल. किंवा कुणी ओरडून उत्तर देत असेल आणि ते इथे, या कानांपर्यंत येता येता विरून जात असेल. तीनही गोष्टी सारख्याच ऐकू येत होत्या.

आठव्या मजल्यावर हाक मारली. अकराव्यावर मारली. तेराव्यावर पाय उचलेना, तेव्हा हातांनी कठडा ओढत चढले. गच्चीचं लोखंडी दार अर्धवट उघडं होतं. बाहेर लख्ख ऊन. साहेबांनी आधी कठड्याकडे बघितलं, चारी बाजूंना. कठड्यावर कुणी नव्हतं. खाली वाकून बघायची त्यांची हिंमत झाली नाही.

मग कुणीतरी मागून खांद्याला धरलं आणि ते किंचाळलेच.

मेकॅनिक होता. हातात पाना, तोंडाला ग्रीस. तो काहीतरी बोलत होता, मोठमोठ्याने बोलत होता, आणि आता समोरासमोर असल्यामुळे साहेबांना कळत होतं. "अहो, तुमची पहिली हाक आली तेव्हापासून ओ देतोय मी! दहा वेळा तरी ओ दिली! ऐकू नाही का येत?"

साहेब तिथेच लिफ्टच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले. श्वास जागेवर यायला वेळ लागला.

"नाही," ते म्हणाले. "नाही येत."

मेकॅनिकला आधी अर्थ लागला नाही. मग तो हळूहळू त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "सकाळी?"

"सकाळीही नाही. तुम्ही बोललात त्यातला एक शब्दही मला ऐकू आला नाही. मी मान डोलावली. नेहमीच डोलावतो. तुम्ही काय विचारलंत ते मला माहीत नाही, आणि मी तुम्हाला 'तसंच करा' म्हणालो." साहेबांनी गच्चीच्या कठड्याकडे बघितलं. "तुम्ही जिवाचं काही…"

"जिवाचं?" मेकॅनिक चमकला. मग मान हलवली. "नाही हो. तसलं नाही."

साहेबांनी डोळे मिटले. पण सुटका वाटायच्या आतच डोळे उघडून बघितलं तर मेकॅनिकचा चेहरा दगडासारखा झाला होता.

"म्हणजे आता मला ते परत सांगावं लागणार," तो म्हणाला. "अकरा वर्षांत एकदा तोंड उघडलं. महिनाभर वाक्यं जुळवत होतो. आणि तुम्ही ऐकलंच नाही."

"सांगू नये असं वाटलं तर नका सांगू. पण सांगितलंत तर या वेळी ऐकेन. इथे बसा, या बाजूला. आणि माझ्याकडे बघून बोला."

बराच वेळ मेकॅनिक नुसता पान्याशी चाळा करत राहिला. लिफ्टची मोटर बंद होती, तारेचे जाड दोर मोठ्या चाकावर स्तब्ध पडले होते. शेवटी तो साहेबांच्या डावीकडे येऊन बसला. साहेबांनी कान त्याच्या तोंडाजवळ नेला, लहान मूल गुपित ऐकायला नेतं तसा. जिथे कळलं नाही तिथे ते 'पुन्हा' म्हणाले. चार-पाच वेळा म्हणाले. प्रत्येक वेळी मेकॅनिकला तेच वाक्य पहिल्यापेक्षा मोठ्याने म्हणावं लागत होतं, आणि ती वाक्यं मोठ्याने म्हणण्यासारखी नव्हती.

दोन महिन्यांपूर्वी एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट थांबल्यावर अचानक अर्धा मजला खाली घसरली. झाडूपोछा करणारी बाई बादली घेऊन आत पाऊल टाकत होती. तिचा पाय दोन ठिकाणी मोडला. ब्रेक झिजलेला होता. त्या ब्रेकची तपासणी मेकॅनिकने आदल्या आठवड्यात करायची होती. त्याने ब्रेक उघडलाच नव्हता. घाईत होता, कागदावर सही करून मोकळा झाला. कंपनीची प्रत कुठेतरी गहाळ झाली. अपघाताच्या आठवड्याची पाळी त्याच्याबरोबर काम करणाऱ्या जोडीदाराची, म्हणून ठपका जोडीदारावर आला आणि त्याला घरी बसवलं. मेकॅनिकच्या सहीची दुसरी प्रत त्याच्या स्वतःच्या घरात, कपाटात होती.

"सकाळी मी म्हणालो," मेकॅनिक म्हणाला, "सोमवारी चौकशी बंद होतेय. गप्प बसलो तर मग सगळं संपेल. बायकोला काही सांगितलेलं नाही. दोन मुली आहेत. गप्प बसावं असं मला वाटतंय. पण साहेब, तुम्ही नको म्हणालात तर नाही बसणार. असं म्हणालो. आणि तुम्ही उत्तम म्हणालात."

या वेळी साहेबांनी 'पुन्हा' म्हटलं नाही.

"मला वाटलं, देवानेच होकार दिला. सुटलो म्हणून बाहेर पडलो. पण रस्त्याच्या टोकाला पोचेपर्यंत मला देवाचीच भीती वाटायला लागली. ज्याला त्या बाईच्या पायाचं काहीच नाही, असला कसला देव? मग घरी गेलो, तो कागद घेतला, आणि इथे येऊन फाडला." त्याने खिशातून दोन तुकडे काढले. "दोनच झाले. पुढे हात चालेना. म्हणून ब्रेक उघडून बसलो. दर रविवारी एकेक बिल्डिंगचा उघडून बघतो."

"तो होकार देवाचा नव्हता," साहेब म्हणाले. "धड माझाही नव्हता. एका बहिऱ्या माणसाला लाज वाटत होती, त्या लाजेचा होता तो."

मेकॅनिक त्यांच्याकडे वळला. "खरं सांगा. तुम्हाला देवाचा आवाज ऐकू येतो?"

"कधीच नाही आला. कान चांगले होते तेव्हाही नाही. लहानपणी आई वाचून दाखवायची, ते ऐकलं. पुढे गुरुजींचं ऐकलं. मग लोकांचं. जे आलं ते माणसांच्याच तोंडून आलं, त्यावरच विश्वास बसला." ते थांबले. "म्हणून माणसाचंच नीट ऐकलं नाही तर माझ्यापाशी काही उरत नाही."

"मग आता काय करू ते सांगा."

"ती बाई कशी आहे?"

"माहीत नाही. मी गेलो नाही."

"सकाळचा शब्द मी परत घेतो. गप्प बसू नका."

"नोकरी जाईल माझी. केस होईल."

"होईल कदाचित."

"तुमचं काय जातंय बोलायला!" मेकॅनिक उठून उभा राहिला.

"माझीही जाईल कदाचित. बहिरा पाळक कुणाला हवाय? पुढच्या रविवारी मी मंडळीला सांगणार आहे. उद्या तुमच्या ऑफिसच्या दाराशी येऊन थांबतो. या किंवा येऊ नका, मी थांबतो."

मेकॅनिक हो म्हणाला नाही. नाही पण म्हणाला नाही. ब्रेक बंद करून त्याने लिफ्ट चालू केली आणि साहेबांना खाली सोडलं.

सोमवारी साहेब नऊ वाजल्यापासून चौकशीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले. चौकशी दहाला होती. दहा वाजले. जोडीदार आला, आत गेला; त्याची बायको बाहेर थांबली. सव्वादहा झाले. साहेब जिन्याकडे बघत होते, कारण पावलांचा आवाज त्यांना आधी कळणार नव्हता; माणूस दिसेल तेव्हाच कळणार होतं. दहा वीस झाले. मग मेकॅनिक दिसला, आणि त्याच्या मागे त्याची बायको, डोळे सुजलेले. त्याने फाटलेला कागद चिकटपट्टीने जोडून आणला होता. साहेबांकडे न बघता त्याने दार ढकललं.

दाराला धुरकट काच होती. आत सावल्या हलत होत्या. कुणी उठलं, कुणी बसलं, कुणी हात झटकला. जोडीदाराची बायको आतलं ऐकून तोंडावर हात ठेवून रडायला लागली. साहेबांना काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांनी तिचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला, पण रडणं सुटकेचं की संतापाचं, ते त्यांना ठरवता येईना. आपल्या ठरलेल्या वाक्यांपैकी एकही त्यांनी उच्चारलं नाही.

मेकॅनिकची नोकरी गेली. तपासणीचा परवानाही गेला, आणि केस अजून चालू आहे. जोडीदाराला परत घेतलं, पण तो मेकॅनिकशी बोलत नाही. दिसला की रस्ता बदलतो. मेकॅनिक आता एका लोहारकामाच्या कारखान्यात जाळ्या बनवतो. त्या बाईला भेटायला तो गेला होता. तिने दार उघडलं, ऐकून घेतलं आणि दार लावलं. तो पुन्हा जाणार आहे, असं म्हणतो.

साहेबांनी चौकशीनंतरच्या रविवारी उपदेशाऐवजी पाच वाक्यं सांगितली. मला ऐकू येत नाही. तीन वर्षं येत नाही. मी तुमच्यापासून ते लपवलं. तुम्ही मला जे सांगितलंत त्यातलं बरंचसं माझ्यापर्यंत पोचलेलं नाही. मला माफ करा. चर्चमध्ये एवढी शांतता पसरली की पाळकबाईंना स्वतःचा श्वास ऐकू येत होता. चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळींपैकी दोघे जण मध्येच उठून बाहेर गेले. साहेबांना ठेवायचं की नाही याची बैठक महिनाअखेरीस ठरली.

उपासना संपल्यावर साहेबांना वाटलं, आज कुणी जवळ येणार नाही. पण पहिल्या बाकावरचे आजोबा आले. कानाशी तोंड नेऊन ओरडले, "मागच्या वर्षी मी तुम्हाला माझ्या भावाचं सांगितलं होतं. ऐकलं होतंत?"

साहेबांना आठवेना. "नाही," ते म्हणाले.

आजोबांनी मान हलवली आणि ते निघून गेले. साहेबांना ते लागलं. मग एक तरुण जोडपं आलं, तेच विचारलं. मग एक बाई आली, पन्नाशीची, हातातली पर्स घट्ट धरलेली. तिच्या मागे अजून चारपाच जण उभे होते, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर तोच प्रश्न होता.

"माझी मुलगी घर सोडून गेली, ते मी दोन वर्षांपूर्वी तुम्हाला सांगितलं," बाई म्हणाली. "तुम्ही हसलात. उत्तम म्हणालात. मी दोन वर्षं विचार करतेय, त्यात उत्तम काय होतं."

मागे उभ्या असलेल्यांपैकी अजून किती जणांपुढे आपण असेच हसलो असू, याचा हिशोब लागणार नव्हता. त्यांनी एक खुर्ची ओढून तिला दिली, दुसरी स्वतःसाठी घेतली, आणि कान तिच्याकडे केला.

"मी ऐकलं नव्हतं, बाई," ते म्हणाले. "ती कधी गेली? पहिल्यापासून सांगा."